मांजर मारायची राहिली

"आज किती मांजरी मारल्यास?" हा प्रश्न मास्तरांच्या घरात वर्षानुवर्षं इतक्या सहज विचारला जायचा, की त्यात काही वावगं आहे हे नवराबायकोंपैकी कुणाच्याच कधी ध्यानात आलं नाही. समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं. त्यातल्या वहिनींनी उघड्या खिडकीतून एका सकाळी ऐकलं, "सकाळपासून बऱ्याच मारल्या, पण दोघींची शेपटी नीट आली नाही." वहिनींनी स्वतःची मांजर आठवडाभर घरात कोंडून ठेवली. शेवटी धीर करून त्या विचारायला आल्या, तेव्हा बाईंनी हसत हसत त्यांच्या हातावर लाकडाचा एक ठोकळा ठेवला. ठोकळ्याच्या तळाला रबर, आणि रबरावर कोरलेली पाठमोरी बसलेली मांजर. शिक्का मारायचा, म्हणजे मांजर मारायची. आता याला दुसरं काय म्हणणार?

बाई म्हणजे मास्तरांची बायको. आणि मास्तर म्हणजे खरं तर मास्तर नव्हेतच. ते पोस्टात खिडकीवर बसायचे आणि येईल त्या पाकिटावर ठप्पे मारायचे. पण गल्लीनं त्यांना न मागता बढती देऊन टाकली होती आणि निवृत्तीनंतरही ती परत घेतली नव्हती. बाई हातानं शुभेच्छापत्रं बनवायच्या. पांढरा जाड कागद, मधोमध ती पाठमोरी मांजर, खाली दोन शब्द. संपलं. मांजर बघतेय तरी कुठे, असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, ज्याचं त्यानं बघून घ्यावं. लोकांना ते आवडायचं. कागद कापणं, घडी घालणं, पाकिटं चिकटवणं, कार्डं पोचवणं ही सगळी हमाली मास्तरांची. शिक्क्यांना मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. ती खिडकी बाईंची.

मग एका सकाळी चहाच्या कपाकडे निघालेला बाईंचा उजवा हात कपापर्यंत पोचलाच नाही.

दवाखाना झाला, औषधं झाली. पायात जोर आला, जीभही वळायला लागली, आणि पहिल्यांदा नीट वळली ती मास्तरांना रागवायलाच, त्यामुळे मास्तरांचा जीव भांड्यात पडला. उजव्या हातानं मात्र हट्ट धरला. बोटं मिटायची, पण ऐन दाबायच्या वेळी थरथरायची. घरी आल्यावर बाईंनी मांजर मारून पाहिली. पांढऱ्याशुभ्र कागदावर काळा फराटा उमटला. दुसरी मारली, तिला दोन पाठी आल्या. तिसरं कार्ड बाईंनी डाव्या हातानं फाडलं, शिक्क्यांच्या दोन्ही डब्यांना झाकणं लावली आणि म्हणाल्या, कागदाच्या दुकानात नेऊन द्या, कुणा शिकणाऱ्या मुलीच्या उपयोगी पडतील.

मास्तरांनी डबे उचलले. त्यांनी बायकोला रडताना पाहिलं होतं, चिडताना तर रोजच बघत होते. डब्याला झाकण लावताना त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

तर असे हे मास्तर, दोन्ही बगलांत दोन डबे मारून, मढ्यासारखा चेहरा करून कागदाच्या दुकानात पोचले. दुकान चालवणारी एक तरतरीत बाई होती. कागदाशिवाय दुसरं बोलायचीच नाही, म्हणून सगळे तिला कागदताई म्हणत. दारावर तिनं पाटी लावली होती: पार्श्वभूमी बदला, नव्या पद्धती शिका. मास्तरांना वाटलं, आता या वयात कसली पार्श्वभूमी बदलायची? बाप पोस्टात, आपण पोस्टात, सासरा रेल्वेत. आहे ती आहे. पण आत डोकावले तर लांबलचक टेबलाभोवती पाच-सहा बायका, कोपरापर्यंत रंगलेल्या, आणि मधोमध एक ताट, त्यात चक्क दाढीचा फेस.

कागदताईनं फेसावर निळ्या आणि हिरव्या शाईचे थेंब टाकले, काडीनं दोन वळणं दिली, वर कागद अलगद टेकवला, उचलला, आणि पट्टीनं सगळा फेस खरवडून टाकला. खाली कागदावर पाणी उभं होतं. नदी म्हणा, समुद्र म्हणा. लाटांवर लाटा, आणि रंग कुठे सुरू होतो नि कुठे संपतो काही पत्ता नाही. मास्तर तोंडात बोट घालून बघत राहिले. डबे बगलेतच.

कार्डाच्या चित्रामागचा कागद कोरा न ठेवता तो आधी सजवायचा, त्याला ही मंडळी पार्श्वभूमी म्हणतात, एवढं मास्तरांना कळलं. मग कागदताई बोलता बोलता एक वाक्य बोलून गेली. ती कुणा दुसरीलाच सांगत होती. पण मास्तरांनी ते असं झेललं, की जणू त्यांच्याच नावाचं रजिस्टर पत्र होतं.

"मागे गजबज असली ना, की पुढची चूक ओरडत नाही."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पांढऱ्या कागदावर थरथर ओरडते! बाईंचा हात बरा करणं त्यांच्या हातात नव्हतं, डॉक्टरांच्याही नव्हतं. पण कागद? कागद तर पहिल्यापासून त्यांचंच खातं. त्यांनी डबे टेबलाखाली सरकवले, बाह्या वर केल्या आणि विचारलं, एखाद्या म्हाताऱ्याला बसता येईल का?

घरी डब्यांसकट परत आले, तेव्हा बाईंनी विचारलं. मास्तर म्हणाले, दुकान बंद होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या हाती एक साधा पानांचा शिक्का आला. कागदभर पानंच पानं उमटवायची होती. हे तर आपलं रोजचं काम, असं म्हणून मास्तरांनी शिक्का शाईच्या गादीवर आपटला आणि कागदावर असा हाणला, की टेबल हादरलं, रंगाच्या बाटल्या आडव्या झाल्या आणि शेजारणीचा समुद्र जमिनीवर सांडला. सगळ्या बायका दचकून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं टपालावर मारलेला हात, तो काय असा एका दिवसात सुधारतोय! कागदताईनं न रागावता शिकवलं: ठेवायचा, तळव्यानं दाबायचा, मोजून एक श्वास घ्यायचा, सरळ वर उचलायचा. हाणायचा नाही.

हे एक वेळ जमलं. खरी पंचाईत पुढेच होती. मास्तरांनी पानं अशी उमटवली, की प्रत्येक पान कागदाच्या आत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, सगळ्यांची देठं एका दिशेला. तपासायला साहेब आला असता तर त्यानं पाठ थोपटली असती. कागदताईनं मात्र कपाळाला हात लावला. ती म्हणाली, अर्धं पान कागदावर पडू द्या, अर्धं टेबलावर. मास्तर हबकलेच. अर्धवट ठप्पा? त्यांच्या खिडकीवर अर्धवट ठप्पा पडला की पाकीट परत यायचं आणि वर बोलणी बसायची ती वेगळीच. त्यांनी शिक्का कडेला नेला, आणि हात आपोआप आत आला. पुन्हा नेला, पुन्हा आत. शेवटी त्यांनी डोळे घट्ट मिटून शिक्का दाबला आणि डोळे उघडले तर काय! कडेवर अर्धंच पान होतं, आणि त्यामुळे वाटत होतं की झाड कागदाच्या बाहेरही वाढत गेलंय. मास्तर एवढे हरखले, की त्यांनी चारी कडांवर अर्धी पानं उधळून दिली आणि आणखी कागद मागितला.

तिथून पुढे त्यांच्या अंगात आलं म्हणा ना. झोपेतून उठले की हाताला शाईच हवी. ओल्या रंगावर चुरगळलेला पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून वाळवला की खाली बर्फासारख्या चिरा उमटतात. ओल्या रंगावर खडेमीठ भुरभुरलं की प्रत्येक खड्याभोवती एकेक तारा फुलतो. स्वयंपाकघरातलं मीठ संपायला लागलं. दाढीचं तर विचारूच नका. जन्मभर ब्रशनं आणि गोल साबणानं दाढी करणाऱ्या या माणसानं फेसाचा डबा आणला आणि तो न्हाणीघराचं दार लावून तासन्तास आत बसायला लागला. बाईंनी बाहेरून विचारलं, एवढी कसली दाढी चाललीय. आतून उत्तर आलं, की पाती बोथट झालीत. वाळायला ठेवलेले कागद रद्दीच्या वर्तमानपत्रांमध्ये, आणि रद्दी मास्तरांच्या कपाटात. ते कपाट उघडायची बाईंना एरवीही हौस नव्हती.

आणि रोज बगलेत डबे. जाताना डबे, येताना डबे. दुकान कधी बंद, कधी कागदताई जेवायला गेलेली, कधी कुलूप बिघडलेलं. पोस्टात कुणालाही खरं तेच सांगणारा माणूस, पण खोटं बोलायला लागला तेव्हा त्यानं कसर ठेवली नाही.

एक दिवस कागदताईनं मास्तरांचा सगळा गठ्ठा टेबलावर मांडला आणि बायकांना जवळ बोलावलं. सगळ्यांनी वाहवा केली. मास्तर लाजले, पण आतून फुगले. मग कागदताई म्हणाली, तुमच्या डब्यात ती मांजर आहेच, एकेक मारून टाका की, कार्डं तयार होतील, मी दुकानात दर्शनी भागात लावते. बायकांनीही आग्रह धरला. मास्तरांनी मान हलवली आणि गठ्ठा गोळा केला. म्हणाले, पार्श्वभूमी मी रंगवली, मांजर मारणारं माणूस घरी आहे.

घरी माणूस होतं खरं, पण त्या माणसाचा संयम संपला होता. त्याच दुपारी बाईंनी डाव्या हातानं फोन उचलला आणि थेट दुकानात लावला. आमच्या ह्यांना तुमचं दुकान रोज बंदच सापडतं, तेव्हा उद्या तुम्हीच माणूस पाठवून डबे घेऊन जा, असं त्यांनी सांगितलं. पलीकडून कागदताई म्हणाली, बंद कसं असेल? मास्तर तर रोज येतात. वर्गातले सगळ्यात हुशार विद्यार्थी आहेत ते.

मास्तर तेव्हा दारात उभे होते. बगलेत डबे. बाईंनी फोन ठेवला आणि त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. नखांत निळं, कानाच्या पाळीला हिरवं, सदऱ्यावर सोनेरी ठिपके. इतके दिवस हे आपल्याला दिसलं कसं नाही, याचाच त्यांना जास्त राग आला असावा. मास्तरांची पाचावर धारण बसली.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी कपाटातून रद्दी काढली आणि जेवणाच्या टेबलावर कागद मांडायला सुरुवात केली. टेबल भरलं, मग खुर्च्या भरल्या, मग पलंग. बाई एकेक उचलून बघत होत्या. स्तुती करतील तर त्या बाई कसल्या! हा चिखल झालाय. ह्यात दोन रंग एकमेकांचा जीव घेतायत. हा बरा आहे, पण खालचा कोपरा घाईत केलेला दिसतोय. मास्तर पोरासारखे मान खाली घालून ऐकत होते. मग एका कागदाशी बाई थांबल्या. गडद जांभळ्यावर पांढऱ्या रेघांची बारीक पानं होती, केसाएवढ्या रेघा, आणि रंगाचा एक थेंबही त्यांच्यावर चढलेला नव्हता.

त्यांनी विचारलं, ह्या रेघा पांढऱ्या कशा राहिल्या?

झालं. मास्तर भीती विसरले, खोटं विसरले, सगळंच विसरले. सांगण्यापेक्षा करूनच दाखवतो म्हणाले. चिकट, बिनरंगी शाईनं त्यांनी पानं उमटवली, कागदावर काहीच दिसेना. त्यावर पारदर्शक पावडर भुरभुरली, झटकली, आणि कागदताईकडून मागून आणलेलं गरम हवेचं यंत्र सुरू केलं. "आता बघ हं, बघ," असं म्हणत ते स्वतःच पुढे वाकले. पिठासारखी पावडर बघता बघता वितळली आणि पानांच्या रेघा एकामागून एक चकाकत वर आल्या, ओल्या काचेसारख्या. मग मास्तरांनी जांभळ्या रंगाचा बोळा सगळ्या कागदावरून बिनधास्त फिरवला आणि फडक्यानं पुसला. रंग कागदात मुरला, रेघांवरून घसरून गेला. पांढरी पानं तशीच्या तशी राहिली.

बाईंच्या तोंडून नकळत "अगं बाई" निघून गेलं. मग त्यांनी पुन्हा करायला लावलं. मग हिरव्यात करायला लावलं. मग बोळा त्यांनी स्वतःच घेतला, डाव्या हातात, आणि कागदाच्या बाहेर टेबलावर रंग गेला तरी थांबल्या नाहीत. कित्येक महिन्यांत त्या खोलीत दोघंही एकाच वेळी बोलत होते, असं पहिल्यांदाच होत होतं. समोरच्या वहिनी काय चाललंय म्हणून खिडकीत आल्या आणि हसून परत गेल्या.

मिठाच्या ताऱ्यांचा कागद उचलून बाईंनी मान वर केली. त्यांनी टेबलावर नजर फिरवली, खुर्च्यांवर फिरवली, पलंगावर फिरवली. सगळीकडे नद्या, पानं, बर्फ, आभाळ. आणि प्रत्येक कागदाच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला, मुठीएवढी जागा शांत ठेवलेली. फिकट, रिकामी. इतकी वर्षं जिथे मांजर बसायची, नेमकी तिथे.

"ह्यात मांजर कुठे आहे?"

"मारायची राहिली."

"राहिली कशी? शिक्के तर तुम्ही रोज बगलेत घेऊन हिंडत होता."

मास्तर फडक्यानं टेबल पुसत बसले. पुसून पुसून रंग आणखी पसरला. शेवटी म्हणाले, "ती खिडकी तुझी आहे. मी नाही बसायचो तिथे."

बाई चिडल्या. मनापासून चिडल्या. म्हणाल्या, तुम्हाला दिसत नाही का हात कसा आहे? त्या दिवशी काय झालं ते विसरलात का? एवढे चांगले कागद, त्यांच्यावर मी फराटे ओढू? कागदताईचं ते गजबजीचं वाक्य मास्तरांना सांगायचं होतं, पण बायकोसमोर ते ओठांवर येऊनही बाहेर पडेना. तिच्या हाताची चूक झाकायला मी हे केलं, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि खरंच तेवढ्यासाठीच केलं होतं का, हेही आता त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना वाटलं, संपलं. उद्या दुकानातून माणूस येईल, डबे जातील, आणि आपण हे सगळं रद्दीत घालू.

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं.

झाकण उघडायलाच त्यांना वेळ लागला, पण मास्तर मदतीला उठले नाहीत. कसे उठले नाहीत ते त्यांचं त्यांनाच माहीत. बाईंनी मांजर बाहेर काढली, गादीवर टेकवली, आणि ताऱ्यांचा कागद समोर ओढला. उजव्या मुठीत ठोकळा, वर डावा तळवा. शिक्का खाली जाताना थरथरला, टेकला, जरा सरकला. त्यांनी दाबला. श्वास धरला. उचलला.

मांजर बसली होती. पाठमोरी, मान किंचित वर, समोर अख्खं ताऱ्यांनी भरलेलं आभाळ. पण शेपूट एक नव्हती. शिक्का सरकला होता तिथे शेपटीशेजारी दुसरी शेपूट उमटली होती, जरा फिकट, पण स्वच्छ दिसणारी. गजबज होती तरी चूक लपली नव्हती. मास्तरांनी बायकोच्या डाव्या हाताकडे बघितलं. याच हातानं ते कार्ड फाडलं होतं. हात कागदाच्या कडेवर होता.

बाईंनी कागद दोन बोटांनी धरला, उचलला, आणि वाळायला बाजूला ठेवला.

"बघत काय बसलात?" त्या म्हणाल्या. "दुसरा द्या."

मास्तरांनी नदीचा कागद उचलून पुढे केला, आणि तो त्यांच्या हातात इतका फडफडत होता, की बाईंना आपल्या डाव्या हातानं त्यांचं मनगट धरावं लागलं.